ढापलंय की आपलंय?

रविवारी मिसळ हाणून कॉलेज रोडच्या कट्ट्यावर टेकतोय तोच पक्याने काडी टाकली. "आपले विनोदी पिक्चर सगळे ढापलेले! ‘बनवाबनवी’सुद्धा. पुरुषांनी साड्या नेसायच्या, हे अमेरिकन ‘सम लाइक इट हॉट’मधलंच."

"चुकतोयस भो," मंग्या म्हणाला. "‘बनवाबनवी’ १९८८ची, ती हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून. तू म्हणतोस त्यावरून आला तो हिंदी ‘रफूचक्कर’. आणि तुझा अमेरिकन तरी कुठे अस्सल? आधी १९३५चा फ्रेंच, मग जर्मन, मग १९५९ला हॉलिवूड."

पक्या गप्प. (दुर्मीळ घटना.) मग म्हणे, "बरं, ‘झपाटलेला’? हॉलिवूडचा ‘चाइल्ड्स प्ले’ १९८८चा, आपला १९९३चा. खुन्याचा आत्मा बाहुल्यात. बोल आता."

इथे मला राहवेना. अरे, तिकडे तो भयपट आहे! तोच बाहुला इकडे बोलक्या बाहुल्यांच्या रामदास पाध्यांच्या हाती आला, त्याचा तात्या विंचू झाला आणि समोर उभा राहिला लक्ष्या. तात्या धमकी देतो आणि थेटर हसतं. उचललं असेल, पण भुताची गोष्ट उचलून पोट दुखेपर्यंत हसवायचं, हे नकलेचं काम नाही.

विजूकाका आतापर्यंत पेपरात डोकं घालून होते. "देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं, मध्ये मर्फीचं इंग्रजी नाटक. पण माणसं कोण? फाल्गुनराव, आश्विनशेठ, कृत्तिका, भादव्या. अख्खं पंचांग! त्यात फ्रान्स शोधून दाखवा."

"ते ठीक, पण मूळवाल्याचं नाव तरी द्यावं की नाही?" पक्या.

हे मात्र बिनतोड होतं. श्रेयनामावलीच्या पाटीवर एक ओळ टाकायला पैसे पडत नाहीत.

"आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी दिलं होतं," काका म्हणाले. "ख्रिस्ताचा चित्रपट बघताना डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, हे त्यांनी १९१७ला ‘नवयुग’ मासिकात स्वतः लिहिलंय. लपवाछपवी नाही."

"मग मी तेच म्हणतोय!" पक्या उसळला.

"तू अर्ध्या तासापूर्वी भलतंच म्हणत होतास," मंग्या म्हणाला.