एका ट्रान्सफॉर्मची गोष्ट: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कार्टोपाय (पायथनमधली नकाशे काढायची लायब्ररी) आणि प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची रीत) यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “एवढ्याशा गोव्यासाठी प्रोजेक्शनचं पुराण कशाला? अक्षांश-रेखांश सरळ मांडले की झालं. कार्टोपाय सगळं आपोआप करतं, नवख्यांना उगीच घाबरवू नका.”

पहिला मुद्दा बराचसा मान्य. गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०७ किलोमीटरचा, अक्षांशाचा ११०.६. नकाशा तीनेक टक्के चपटा झाला तर डोळ्यांना कळतही नाही. हे लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

‘आपोआप’ हा शब्द मात्र पटत नाही. गेल्या पावसाळ्यात मी पर्जन्यमापकांची ठिकाणं यूटीएमच्या (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारं प्रोजेक्शन) ४३ उत्तर पट्ट्यातल्या नकाशावर टाकत होतो. किनारा आला, मांडवी आली, जुवारी आली. ठिपका एकही नाही. एररही नाही! तासभर बिचाऱ्या सीएसव्ही फाईलला शिव्या घातल्या. मग नकाशाची चौकट वाढवत नेली, तर सगळे ठिपके मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर, एकमेकांच्या डोक्यावर बसलेले.

ट्रान्सफॉर्म, म्हणजे दिलेले आकडे कुठल्या पद्धतीतले आहेत हे सांगणारी सूचना, लिहायचा राहिला होता. तो नसला की कार्टोपाय आकडे नकाशाच्याच प्रोजेक्शनमधले धरतं. इथे ते मीटर. म्हणजे पणजीचे ७३.८३ आणि १५.४९ हे अंश मीटर म्हणून वाचले गेले. खरे आकडे हवेत पूर्वेकडे साधारण ३,७४,००० आणि उत्तरेकडे १७,१३,०००. या पट्ट्याचा शून्यबिंदू ७५ रेखांशापासून ५०० किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात. तिथे पेडण्यापासून काणकोणापर्यंतचा अख्खा गोवा ९० सेंटिमीटरांत मावला. चटईवर अंथरता आला असता.

आजोबांच्या जमिनीचा पोर्तुगीज कागद भाषांतराला दिला, तर मराठीत हवा एवढं सांगून भागतं का? तो पोर्तुगीजमध्ये आहे हेही समोरच्याला ठाऊक लागतं. प्रोजेक्शन म्हणजे ‘कशात हवं’, ट्रान्सफॉर्म म्हणजे ‘कशात आहे’. अंश असतील तर प्लेट कॅरे (अंश जसेच्या तसे मांडणारं प्रोजेक्शन) लिहायचं, नकाशा कुठल्याही प्रोजेक्शनमध्ये असो. नुसत्या आकड्यांकडे बघून कार्टोपायला हे कळायचा मार्ग नाही.

आता तुम्ही दिलेला पायप्रोजचा (आकडे एका पद्धतीतून दुसरीत नेणारी लायब्ररी) कोडचा तुकडा. ‘ट्रान्सफॉर्मरने आधीच मीटर करून घ्या’ ही सूचना चांगली आहे, पण तुम्ही आधी रेखांश दिलाय, मग अक्षांश. ईपीएसजी ४३२६ ची (अक्षांश-रेखांशांच्या नेहमीच्या पद्धतीचा हा क्रमांक) अधिकृत मांडणी उलटी, अक्षांश आधी. आणि पायप्रोजच्या पोटात चालणाऱ्या प्रोजच्या २०१९ मधल्या ६ व्या आवृत्तीपासून ती पाळली जाते. तुमच्या कोडने पणजी नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, ७३.८३ अक्षांशावर जाते. माझी निदान उबदार पाण्यात होती.

लेखात तीन टक्क्यांची ओळ आज घातली. तुमचा तुकडाही खाली जोडलाय, ‘ऑलवेज एक्सवाय’ (रेखांश नेहमी आधी) ट्रू करून. देव बरें करूं.