उंट बी-पाच, शेंगदाणे अर्धा किलो

डेरेन ब्राऊन नावाचा एक ब्रिटिश मेंटलिस्ट, म्हणजे मन ओळखल्याचे खेळ करणारा जादूगार, आहे. हा गडी टीव्हीवर एकाच वेळी नऊ बुद्धिबळपटूंशी खेळला, त्यात ग्रँडमास्टरही होते. मेख अशी की, नवातल्या आठांशी तो खेळलाच नाही. आठांच्या चार जोड्या, जोडीत एकाकडं पांढरी मोहरी, दुसऱ्याकडं काळी. एकाची चाल बघायची, दुसऱ्याच्या पटावर तीच करायची, त्याचं उत्तर आणून पहिल्याला द्यायचं. बिचारे एकमेकांशीच झुंजत होते, हा मधला हमाल. जोडीमागं एक गुण कुठं जात नाही, म्हणजे आठ डावांत चार गुण आयतेच. नववा जरा कच्चा होता, त्याला मात्र यानं स्वतः हरवलं.

भाच्यानं हे सांगितलं आणि वर म्हणाला, "मामा, तुला एक तरी जोडी झेपंल का? लिहून न्यायचं नाही हां."

कोल्हापुरात असं विचारल्यावर नाही म्हणायची पद्धत नाही.

जोडी घरातच होती. शिवाजी पेठेत दादा, माझे चुलत चुलते, आणि मंगळवार पेठेत आप्पा, आत्याचे यजमान. दोघंही रिटायर्ड, दोघंही बुद्धिबळाचे किडे. शाहू स्टेडियमवरच्या कुठल्याशा फुटबॉल मॅचवरून त्यांचं बोलणं बंद आहे, त्यामुळं भांडं फुटायची भीती नाही. दोघांनाही सांगितलं, "मला फेरफटका मारल्याशिवाय चाल सुचत नाही." थोर माणसांची खोड समजून दोघांनी मान्य केलं.

दादांकडं पांढरी मोहरी. त्यातला एक हत्ती कधीच हरवलाय, त्याच्या जागी चुन्याची डबी उभी असते. राजाच्या प्याद्यानं सुरुवात झाली, आप्पांनीही तसंच उत्तर दिलं, घोडे निघाले. इथवर ठीक. मग दादांनी उंट बी-पाच नावाच्या घरात नेला.

"उंट बी-पाच, उंट बी-पाच" असं पुटपुटत मी गाडीला किक मारली. निवृत्ती चौकात शाळेतला मित्र भेटला. "काय भावा, वाळलास की! चल, च्या मारू." मारला. तेवढ्यात बायकोचा फोन : शेंगदाणे अर्धा किलो, लिंबं पाच, कोथिंबीर ताजी बघून. मिरजकर तिकटीला पोचेपर्यंत डोक्यात पाच तेवढा शिल्लक होता, तो उंटाचा की लिंबांचा, कळेना. परत दादांकडं. "चाल नाही, चष्मा विसरलो." पटावर डोळा टाकून पुन्हा खाली.

यामागं शास्त्र आहे म्हणे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोघा संशोधकांनी 1973 मध्ये प्रयोग छापला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली, तर पट्टीचा खेळाडू ती बरीचशी जशीच्या तशी मांडतो. तीच मोहरी वेडीवाकडी टाकली, तर त्याची अवस्था नवशिक्यासारखीच होते. ज्याला अर्थ लागतो त्याच्याच लक्षात राहतं. मला उंटापेक्षा लिंबांचा अर्थ जास्त लागतो, त्याला मी काय करणार?

दुपारी दादांनी तंद्रीत तो डबीचा हत्ती उचलला, चुना काढला, तंबाखू मळली, बार भरला आणि डबी खिशात टाकली. मी गप्पच. पुढची चाल करताना म्हणाले, "आयला, हत्ती कुठं गेला?" आणि खिशातून काढून नेमका त्याच घरात ठेवला. सगळा पट त्यांना पाठ!

अंधार पडायच्या सुमारास आप्पांनी मला मात दिली, म्हणजे पाठोपाठ मी दादांना दिली. आप्पा म्हणाले, "खेळ बरा आहे, शेवटी घसरतोस. ये रोज, शिकवतो." दादांनी तर गल्लीभर सांगितलं की पोरगं लई डोक्याचं आहे, आणि परत डाव मांडायचं फर्मान काढलं : रविवारी, पांढरी माझीच.

आणि आप्पा गेले पुण्याला, लेकीकडं. दिवाळीपर्यंत तिथंच.

शनिवारी रात्री त्यांचाच फोन आला. "इथं करमत नाही गा. तुझी शिकवणी फोनवरच सुरू करू या."

म्हटलं, "आप्पा, उद्या सकाळीच बसू. समजा समोरच्यानं राजाचं प्यादं दोन घरं टाकलं, तर तुम्ही काय कराल?"