साडेबारानंतर पोरं जातात कुठे?

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला, त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत शाळेच्या वेळेवरून जुंपलीय. 2024 च्या फेब्रुवारीत जीआर निघाला ना, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हणून, तेव्हापासून हे मधूनमधून उकळत असतं. मुलांची झोप, बसवाल्यांच्या ट्रिपा, दोन शिफ्टच्या शाळा, आईबाबांची ऑफिसं. वहिनीने स्क्रीनशॉट पाठवले (तिला भांडायला पार्टनर हवा होता) आणि मी इथे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला ट्राममध्ये बसून सगळे वाचले. शाळा कधी भरावी यावर शंभरेक मेसेज होते, सुटल्यावर पोरं कुठे जातात यावर एकही नाही!

कारण उत्तर ठरलेलंच आहे, क्लास. माझी भाची सात वर्षांची, साडेबाराला सुटते, घरी येऊन जेमतेम जेवते की अबॅकस, मग फोनिक्स, एक दिवसाआड कथक. आणि त्यांच्याकडे कामाला येतात त्या मावशींची मुलगी त्याच वयाची, ती कॉर्पोरेशनच्या शाळेतून येते आणि आईचं काम होईपर्यंत वहिनीच्या किचनच्या दारात मोबाइल बघत बसते. एकीला श्वास घ्यायला वेळ नाही, दुसरीचा वेळ सरत नाही. 2024 च्या जानेवारीत केंद्राने सोळा वर्षांखालच्यांना कोचिंगला घेऊ नका अशी गाइडलाइन काढली, पण त्याने यातलं काय बदलणार होतं?

आमच्या इथे शाळा सुटली की मुलं त्याच बिल्डिंगमध्ये फ्रितीद्सला जातात. फ्रितीद्स म्हणजे मोकळ्या वेळाचं घर, सहा ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी, बहुतेक ठिकाणी नगरपालिका चालवते, आणि तिथे त्याच कामाचं शिकून आलेले शिक्षकही असतात. फी उत्पन्नावर, पहिल्या मुलासाठी जास्तीत जास्त दोन टक्के आणि त्यालाही वर कॅप, म्हणजे महिन्याला हजार-बाराशे क्रोनरच्या पुढे जात नाही. त्यातच मधलं खाणं. आमचा मुलगा रोज कडक ब्रेड आणि आंबट दुधासारखं एक दही खातो, आई म्हणते ताक-भाकरीच की ही!

मला पहिल्या वर्षी हे पचलं नाही, खरं सांगते. घ्यायला गेले की विचारायचे आज काय शिकवलं, आणि तिथला दादा शांतपणे म्हणायचा, आज झाडावर चढलो. डिसेंबरात साडेतीनला अंधार पडतो, तरी ही पोरं चमकणारी जॅकेटं घालून चिखलात, आणि कॉरिडॉरभर पावसाळी रबरी पॅन्ट निथळत असतात. एकदा व्हिडिओ कॉल चालू असतानाच मी त्याला आणायला पोचले तर तो बाकावर बसून चाकूने लाकूड तासत होता. आई किंचाळलीच, "अगं त्याच्या हातात सुरी आहे!" होती. शेजारी एक मोठा माणूस बसला होता, बघत, न बोलता. मला वाटतं सगळी गोम त्या माणसात आहे. तो शिकवत नाही, मार्क देत नाही, पण असतो.

फ्रितीद्सची सुरुवात मुळात गरिबीतून झाली. 1887 मध्ये आना हियर्टा-रेट्झियस या बाईंनी स्टॉकहोममध्ये पहिली कामशाळा काढली, रस्त्यावर फिरणाऱ्या गरीब मुलांना शाळेनंतर हातकाम आणि पोटभर खायला. म्हणजे मावशींच्या मुलीसाठीच होतं ते, आमच्यासारखे इंजिनियर त्यात नंतर घुसले.

लगेच इथलं सगळं सोन्याचं समजू नका. आईबाप कामाला किंवा शिकायला जात असतील तरच हक्काने जागा मिळते, नोकरी गेली की बऱ्याचदा पोरगं घरी, म्हणजे ज्याला जास्त गरज तोच बाहेर. गट खूप मोठे झालेत अशी ओरड आहे. आणि तेराव्या वर्षी हे संपतं, नेमकं त्याच वयात इथल्या गुन्हेगारी टोळ्या पोरांना हेरतात, हे पेपरात वाचून पोटात गोळा येतो.

माझा दादा म्हणतो, तुमची वस्ती एक कोटी, टॅक्स भरमसाट, आम्हाला कुठे सांगतेस. बरोबर आहे त्याचं. पण पुण्यातच सारसबागेजवळ गरवारे बालभवन आहे ना, आपलीच माणसं मुलांना नुसतं खेळू देतात, मीही लहानपणी तिथे माती मळलीय. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तर लिहिलंय की शाळेच्या इमारती शाळा सुटल्यावर लोकांच्या उपक्रमांना वापरा, सामाजिक चेतना केंद्र असं भारदस्त नावही दिलंय. वहिनीच्या गल्लीतली कॉर्पोरेशनची शाळा संध्याकाळी कुलूपबंद असते, पटांगणासकट. टॅक्स वाढवायच्या आधी ते कुलूप तरी काढा, दोन माणसांना नीट पगार द्या, आणि चार वाजता चिक्की. पण "शिकवणार काय" हे विचारायचं नाही, नाहीतर दोन महिन्यांत तिथेही अबॅकस सुरू होईल.

वहिनीने हे सगळं ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले आणि एकाने विचारलं, क्लबहाउसचं ताशी भाडं किती पडेल.

मुलाने त्या दिवशी तासलेला लोण्याचा चाकू आम्ही पुण्याला पाठवला. वाकडा आहे, एका बाजूला जाड. आई त्याने तूप काढते.