अडीच फुटांचा बल्कांव

गोव्यात राहणाऱ्या माणसाला परगावच्या नातेवाइकांकडून दोन कामे हटकून येतात. पहिले काजूगर आणि आमसुले पाठवण्याचे. ते मी फारशी कुरकुर न करता करतो. दुसरे काम 'एखादा बरासा फ्लॅट बघून ठेवा' या साध्या वाक्याने सुरू होते, आणि त्यापायी मागच्या पावसाळ्यातले माझे सलग सहा रविवार खर्ची पडले, कारण वाक्य आमच्या साडूभाऊंचे होते आणि त्यांनी फ्लॅट 'बघून ठेवण्याचे' काम माझ्यावर सोपवले असले, तरी तो बघायला स्वतः यायचे ठरवले होते.

साडूभाऊ पुण्याचे. निवृत्तीनंतरचे घर 'गोव्यासारखे' असावे, म्हणजे त्याला बल्कांव, म्हणजे दाराबाहेरचा बसायचा सज्जा, असावा, उतरते छप्पर असावे आणि समोर माड असावा, असा त्यांचा आग्रह होता. मी पर्वरीला राहतो. पर्वरी ही अजब जागा आहे. राज्याची विधानसभा इथे भरते, चौपदरी रस्त्यावर अष्टौप्रहर वाहनांची रीघ असते, त्या रस्त्याच्या डोक्यावर आता पाच किलोमीटरचा उड्डाणपूल चढतो आहे, आणि एवढे सगळे असूनही कागदोपत्री आम्ही ग्रामपंचायतीचे रहिवासी, म्हणजे खेडूत आहोत. 2011 च्या जनगणनेत गोव्यातली 62 टक्के लोकसंख्या शहरी भरली, त्यात आमच्यासारखे धुळीने माखलेले खेडूतही असावेत.

पहिल्या रविवारी आम्ही पर्वरीच्याच पठारावरचा एक प्रकल्प पाहिला. नाव 'काझा' या शब्दाने सुरू होणारे होते. हल्ली नावात काझा, विला किंवा क्विंता नसेल तर बँकेचे कर्ज मिळत नाही, असा माझा समज होत चालला आहे. चार मजल्यांच्या वर काँक्रीटचा तिरपा स्लॅब ओतून त्यावर सिमेंटने कौले चिकटवली होती. लिफ्टजवळच्या भिंतीवर निळ्या टाइलांत शिडाचे पोर्तुगीज जहाज रंगवलेले होते, आणि उरलेल्या टाइलांचे खोके जिन्याखाली पडले होते, त्यावर ठळक अक्षरांत 'मोरबी' असे छापलेले होते. वास्को द गामा गुजरातेतून येतो हे मला त्या दिवशी कळले.

माहिती सांगणारा तरुण परप्रांतीय होता, पण उत्साही होता. त्याने काचेचे दार सरकवले आणि म्हणाला, "सर, ये आपका बाल्काओ." साडूभाऊ पुढे सरले, पण दोघांना एकाच वेळी पुढे सरता येईना, म्हणून मी आतच थांबलो. साडूभाऊ हाडाचे मोजणीदार आहेत. टेप नसल्यामुळे त्यांनी छत्री आडवी धरली; ती एका बाजूला भिंतीला आणि दुसऱ्या बाजूला कठड्याला टेकून अडकली. अडीच फूट! मग पावसाचा शिडकावा आला म्हणून त्यांनी छत्री उघडू पाहिली, तर ती निम्मी उघडून मिटल्या कमळासारखी थबकली. उरलेल्या लांबीत वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा डबा बसवण्यासाठी लोखंडी घोडी आधीच ठोकलेली होती.

खरा बल्कांव म्हणजे घराच्या तोंडाशी जमिनीपासून चार पायऱ्या वर असलेला, छप्पर असलेला आणि भिंती नसलेला सज्जा. त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधीव सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, असतात. संध्याकाळी त्यावर टेकायचे, सायकलचा भोंगा वाजवत आलेल्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पाव घ्यायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला 'खंय गेल्लो?' असे विचारायचे. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारता येणे ही बल्कांवाची मूळ अट आहे. चौथ्या मजल्यावरून हाक मारायची तर कोणाला? फार तर उड्डाणपुलावरच्या क्रेनवाल्याला.

दोनापावलाच्या बाजूची दुसरी इमारत मात्र गोवेपणाचा आव अजिबात आणत नव्हती. ती आपादमस्तक काचेची होती आणि तिचे तोंड पश्चिमेला होते. गोव्यात वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या सुमारे चौपट, आणि तोही वरून पडतो असे फक्त भूगोलाच्या पुस्तकात असते; प्रत्यक्षात तो समुद्रावरून आडवा येतो. जुने लोक म्हणूनच पश्चिमेच्या भिंतीला ज्येष्ठ लागण्यापूर्वी विणलेली झावळे बांधत. इथे झावळांऐवजी सरकत्या खिडकीच्या रुळांत गुंडाळून दाबलेले पांढरेशुभ्र टॉवेल होते. ते कशासाठी, असे साडूभाऊंनी विचारल्यावर तिथल्या बाईंनी हसतमुखाने "हाउसकीपिंग" एवढेच सांगितले, आणि एक टॉवेल पिळून पुन्हा जागेवर ठेवला.

तिसरी जागा रायबंदरला, नदीकाठी होती. "इमारत टिकेल किती वर्षे?" असे साडूभाऊंनी विचारताच तिथल्या गृहस्थांनी रेराच्या कायद्याचा हवाला देऊन बांधकामातल्या दोषांची 5 वर्षांची हमी आमच्या पदरात टाकली. ज्या रस्त्याने आम्ही तिथे पोहोचलो होतो, तो पणजी-रायबंदरचा खाजनातून, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सखल शेतजमिनीतून, जाणारा दगडी बांध 1633-34 मधला आहे आणि आमच्या गाडीपुढे तेव्हा वाळूचा भरलेला ट्रक चालला होता, हे मी सांगितले. गृहस्थ म्हणाले, "तेव्हा रेरा नव्हता ना."

नवे ते सगळे वाईट, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मधल्या एका रविवारी साडूभाऊंना मुद्दाम कांपालला नेले आणि चार्ल्स कुरिया यांनी आराखडा केलेली, 1983 मध्ये पूर्ण झालेली कला अकादमी दाखवली. रस्त्यावरून आत शिरलेला माणूस कुठलेही दार न ढकलता, सावलीतून चालत चालत थेट मांडवीच्या काठाशी निघतो. मोठी इमारत ठेंगणी होऊन कशी बसते, हे तिथे दिसते. साडूभाऊ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "छान आहे, पण यात बेडरूम कुठे काढणार?"

एवढे सगळे बोलून झाल्यावर घरी परतताना त्यांनी मान वर करून आमच्याच इमारतीकडे पाहिले आणि विचारले, "अहो, तुमच्या गच्चीवर हे निळे पत्रे कसले?" हा प्रश्न मी पहिल्या रविवारपासून टाळत आलो होतो. आमचा फ्लॅट घेताना सपाट गच्चीवरून चांदणे दिसेल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. दुसऱ्या पावसाळ्यात छताला पोपडे आले, तिसऱ्यात वॉटरप्रूफिंग झाले, चौथ्यात वॉटरप्रूफिंगचे वॉटरप्रूफिंग झाले, आणि पाचव्या पावसाळ्याआधी सोसायटीने ठराव करून सबंध गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून उतरते पत्रे चढवले. बांधताना वाचवलेले उतरते छप्पर गोव्यातली बहुतेक सपाट इमारत अशी पाच वर्षांनी विकत घेते. ग्रामसभेत डोंगरकापणीच्या विरोधात सर्वांत चढा आवाज आमच्या सोसायटीचा असतो, ही गोष्टही इथेच कबूल केलेली बरी. सोसायटी ज्या उतारावर उभी आहे तिथे काजूचे भाट, म्हणजे बागायत, होते, हे आम्हाला शेजारच्या जुन्या रहिवाशांनी एकदोनदा सांगितले आहे.

सहाव्या रविवारी कंटाळून मी त्यांना डिचोली तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी जेवायला नेले. घर चिऱ्याचे, कौलारू, मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक. आम्ही पोहोचलो आणि पाऊस कोसळू लागला. चारी बाजूंच्या पागोळ्या राजांगणात तुळशीभोवती पडत होत्या, पाणी तळाच्या मोरीतून मागच्या कुळागराकडे, म्हणजे सुपारीच्या बागेकडे, वाहत होते, आणि ओसरीवर थेंब नव्हता. (स्वयंपाकघरात एका फुटक्या कौलाखाली बादली होती, पण ती मी पायाने सरकवून दाराआड केली.) साडूभाऊ पाट घेऊन बसले. मग काय वाटले कोण जाणे, त्यांनी छत्री घेतली आणि ओसरीतच उघडली. ती पूर्ण उघडली. त्यांनी ती एकदा गोल फिरवलीसुद्धा.

"हे केवढ्याला जाईल?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, पैशांचे नंतर बघू, आधी सह्या लागतील. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आमच्याकडच्या रिवाजात मुलगा-मुलगी सगळ्यांचा सारखा वाटा असतो, आणि प्रत्येक वारसाच्या सहीशेजारी त्याच्या नवऱ्याची किंवा बायकोची सही लागते. पणजोबांच्या नावावरून घर अजून हललेले नाही. साडूभाऊंनी उत्साहाने डायरी काढली आणि मी नावे सांगू लागलो: थोरले काका आणि काकू, मुंबईच्या दोन आत्या, त्यांतली एक गेली, म्हणजे तिची तीन मुले आणि तीन सुना, बाहरीनचा चुलतभाऊ, लिस्बनला असलेली त्याची बहीण, जिचा नवरा पोर्तुगीज बोलतो आणि सही मात्र डाव्या हाताने वाचता येणार नाही अशी करतो, धाकटे काका, जे फणसाच्या एका झाडावरून थोरल्या काकांशी अठरा वर्षे बोललेले नाहीत आणि ज्या कागदावर थोरल्यांची सही आहे त्या कागदावर सही करायची नाही, असे ज्यांनी देवळात नारळ ठेवून ठरवले आहे.

बाविसाव्या नावापाशी साडूभाऊंची पेन्सिल थांबली. त्यांनी छत्री मिटली, ओसरीच्या खांबाला टेकवून ठेवली आणि जरा वेळाने हळूच विचारले, "अहो, त्या जहाजाच्या टाइलांवाल्यांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"