पहिलं पान नेमकं कुठून सुरू होतं?

दिवाळी जवळ आली की पेपर उघडणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. समोर फ्लॅटची जाहिरात. उलटावं तर गाडीची. मग कुठे बातम्या. वर नाव तेच, तारीख तीच. आमच्या धंद्यात याला जॅकेट म्हणतात. अर्ध्याच रुंदीचं उभं पान असेल तर फ्लॅप, आणि तो हमखास घसरून चहात पडतो.

मी बरीच वर्षं एका जिल्हा आवृत्तीत पानं लावली, तेव्हा माझा राग जॅकेटवर असेल असं वाटेल. तसं नाही. पेपरच्या किमतीत कागदाचा खर्चही निघत नाही, जाहिरात हवीच. आणि पहिल्या पानावर जाहिरात हे काही आजचं पाप नाही. लंडनच्या ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर ३ मे १९६६ पर्यंत छोट्या जाहिरातीच असायच्या, बातम्या आत. मद्रासच्या ‘हिंदू’नेही १९५८ पर्यंत तोच शिरस्ता ठेवला होता. पण त्या जाहिरातींना कोणी डेटलाइन, म्हणजे बातमीच्या सुरुवातीचं गाव-तारीख, लावत नव्हतं.

माझं भांडण आहे ते बातमीचा वेष घेऊन येणाऱ्या जाहिरातीशी.

मोठ्या आकाराच्या पानाचे साधारण आठ कॉलम असतात. त्यातले किती कॉलम कुठल्या बातमीला द्यायचे, यावर रात्री डेस्कवर खरी भांडणं होतात. आठ कॉलमी मथळा रोज द्यायचा नसतो. घडीच्या वरचा भाग स्टॉलवर दिसतो, म्हणून लीड, म्हणजे दिवसाची मुख्य बातमी, तिथे. पानाच्या तळाला आडवी पसरलेली, सावकाश वाचायची बातमी म्हणजे अँकर. कडेला सिंगल, म्हणजे एकाच कॉलमची बातमी. नाव द्यायचं की नुसतं ‘प्रतिनिधी’, हाही मान-अपमानाचा विषय. नवख्या वार्ताहराचं नाव पहिल्यांदा छापून आलं की तो चार अंक जास्तीचे घेऊन जायचा.

वाचकाला यातली नावं ठाऊक नसतील, पण हिशेब बरोबर कळतो. ऑफिसात एक गृहस्थ आले होते, वडिलांच्या निधनाची बातमी घेऊन. “साहेब, त्याच दिवशी गेलेल्या सरपंचांना डबल कॉलम फोटोसकट, आणि आमच्या अण्णांना सिंगल?” अण्णांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. काय उत्तर देणार? रुंदीवरून माणसाची किंमत ठरते हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं.

म्हणूनच जाहिरातदाराला तीच रुंदी हवी असते. तोच टाइप, तसाच मथळा, उपमथळा, फोटोखाली ओळ, सुरुवातीला ‘प्रतिनिधी’ आणि गावाचं नाव. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘जाहिरात’, नाहीतर त्याहून बेरकी ‘विशेष उपक्रम’.

जानेवारी २०२५ मध्ये अनेक दैनिकांनी पहिल्या पानावर २०५० सालच्या काल्पनिक बातम्या छापल्या. नोटा जाणार, सगळे व्यवहार डिजिटल चलनात होणार, असा मोठा मथळा. होती ती एका शिक्षणसंस्थेची जाहिरात. केरळात एका वृत्तवाहिनीच्या निवेदकाने ती खरी बातमी समजून वाचूनही दाखवली. रोज बातम्यांत लोळणारा माणूस फसतो, तिथे आमच्या अण्णांसारख्यांनी काय करायचं?

निवडणुकीत तर कहर. २००९ च्या विधानसभेच्या वेळी एकाच नेत्याची आरती ओवाळणारा मजकूर एकमेकांच्या स्पर्धेतल्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखाच आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं, वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा अहवालही २०१० मध्ये झाला. तोवर मतमोजणी होऊन सरकारं स्थिरावली होती.

जाहिरात विभागातल्या मंडळींशी वाद घातला की ठरलेलं उत्तर: “वेगळा टाइप दिला तर पार्टी पैसे देत नाही.” पार्टी म्हणजे जाहिरातदार. अहो, मग पार्टी कशाचे पैसे देते हे तुम्हीच सांगितलंत की!

प्रेस कौन्सिलच्या निकषांत जाहिरात बातमीपासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे असं लिहिलेलं आहेच. ते पानावर उतरवायला फार काही लागत नाही. चारही बाजूंनी जाड रेघ. टाइप वेगळा. डेटलाइन नाही, प्रतिनिधी नाही. आणि ‘जाहिरात’ हा शब्द वर, मजकुराच्या मथळ्याएवढ्याच टाइपात.

अजून एक. अंकात तळाला कुठेतरी बारीक ओळ असते: मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं, आणि पीआरबी (प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स) कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कोणाची. १८६७ चा तो कायदा गेला, २०२४ पासून नवा लागू झाला, ओळ मात्र आहेच. अशा ‘उपक्रमा’च्या मजकुराखालीही तशी ओळ छापा. कोणी लिहिला, कोणी पैसे दिले. आमच्या वेळी सिंगलमध्ये बसवली असती.