मशीन आहे, मग अडलंय कुठे? त्या बोगद्याच्या मेसेजबद्दल थोडं

गेल्या आठवड्यात एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपवरून आला: सोसायटी, कॉलेजची मंडळी, बायकोच्या माहेरचा ग्रुप आणि सकाळी टेकडीवर जाणाऱ्यांचा. मेसेज थोडक्यात असा की इंग्लंड-फ्रान्सने समुद्राखालून 50 किलोमीटरचा बोगदा सहा वर्षांत काढला आणि आपलं बुलेट ट्रेनच्या बोगद्यातल्या, ठाण्याच्या खाडीखालच्या 7 किलोमीटरचं गुऱ्हाळ चाललंय. मशीन आहे, पैसा आहे, फक्त इच्छाशक्ती नाही. सरळ रेषेत आणि कमी खोलीवर काढा, खर्च निम्मा. सर्व्हे आणि बोअर ही पैसे खायची कामं. आणि महाराष्ट्रात तर सगळा एकच काळा कातळ, त्याचा कसला डोंबलाचा अभ्यास! खाली तिरंगा आणि ‘पुढे पाठवा’.

आमच्या विंगमधल्या एका काकांनी मला टॅग करून विचारलं, तू याच लाइनमधला ना रे, बोल की आता. मी कोअर बघणारा माणूस, म्हणजे बोअर मारून जमिनीखालून दगडाच्या ज्या कांड्या निघतात त्या पेटीत लावून त्यांची नोंद करायची, एवढंच माझं काम. बोगदा मी काढलेला नाही. पण काका, विचारलंच आहे तुम्ही तर घ्या.

इंग्लंड-फ्रान्सचं आधी. केलं त्यांनी, खरंय, 1988 ला खोदाई जोरात सुरू आणि 1994 ला गाड्या चालू, त्यातले 38 च्या आसपास किलोमीटर समुद्राखाली. पण कशातून केलं हे मेसेजमध्ये कुठेच नाही. तिथे तळाखाली खडूचे, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडकाचे थर आहेत, आणि त्यांच्या खालच्या भागात खडू आणि चिकणमाती एकत्र झालेला एक थर आहे, साधारण 25-30 मीटर जाडीचा. हा थर म्हणजे बोगदेवाल्यांची लॉटरी. ढासळत नाही, पाणी फारसं झिरपू देत नाही आणि कापायला खरवसासारखा. वरचा खडू भेगाळलेला, त्यात शिरलं की पाणी. खालची माती फुगणारी. म्हणून तो बोगदा सरळ नाहीच, थर जसा वर-खाली होतो तसा तोही होतो, आणि आपण नेमके थरात आहोत की बाहेर चाललोय हे ठरवायला बोअरमधल्या दगडातले सूक्ष्म जीवाश्म तपासायचे, कारण डोळ्यांना खडू सगळा सारखाच. 1880 च्या दशकात तिथेच दोन्ही बाजूंनी दीड किलोमीटरच्या वर खोदून झालं होतं, त्या काळच्या मशीनने. 1882 ला ते थांबलं ते ब्रिटिशांना फ्रेंच फौजेची भीती वाटली म्हणून. दगड तेव्हाही साथ देत होता.

आता साधारण तेवढ्याच लांबीचा दुसरा बोगदा बघा, जपानचा सेइकान. 53.85 किलोमीटर, त्यातले समुद्राखाली 23.3, म्हणजे समुद्राखालचा भाग कमीच. पाहणीचा पहिला उतार खणायला घेतला 1964 ला आणि गाडी गेली 1988 ला. चोवीस वर्षं! जपान्यांची इच्छाशक्ती कमी होती असं म्हणायची कोणाची छाती आहे का? तिथला दगड ज्वालामुखीचा, ठिकठिकाणी तुटलेला, मध्ये भ्रंश, म्हणजे दगड सरकून चुरा झालेल्या पट्ट्या. चार वेळा मोठं पाणी घुसलं, 1976 चं सगळ्यात वाईट. 34 माणसं गेली त्या कामात. पुढे आडवे बोअर मारून बघायचं, भोवतीच्या दगडात सिमेंट आणि सोडियम सिलिकेट दाबून भरायचं, ते धरलं की मग पुढे सरकायचं, असं करत करत समुद्रसपाटीच्या 240 मीटर खाली गेले बिचारे.

‘मशीन आहे ना’ याचं उत्तरही तिथेच मिळतं. सेइकानला टीबीएम, म्हणजे बोगदा कापत पुढे जाणारं मशीन, लावून बघितलं होतं, दगड सारखा बदलत होता म्हणून काढून टाकलं आणि परत सुरुंगावर आले. टीबीएम म्हणजे काही मिक्सर नाही, भांडं बदललं की चटणी, भांडं बदललं की पीठ. दगड कुठला, पाणी किती, दाब किती हे ठरवूनच ते बनवून घ्यावं लागतं. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, त्याला रिव्हर्स गिअर नाही. मशीन मागे काँक्रीटच्या कड्या बसवत पुढे जातं आणि त्या कड्यांचा घेर मशीनपेक्षा कमी असतो, मग मागे येणार कसं? चुकीचं मशीन आत गेलं की ते तिथेच, तुम्ही आणि ते.

इंग्लंड-फ्रान्सच्या त्या बोगद्यात फ्रान्सच्या बाजूला खडू जास्त भेगाळलेला, म्हणून फ्रेंचांनी पाण्याचा दाब झेलणारी बंद तोंडाची मशीन घेतली. इंग्रजांनी आपल्या बाजूला कोरडा चांगला दगड धरून उघड्या तोंडाची घेतली, आणि सुरुवातीच्याच टप्प्यात भेगाळ ओला दगड लागल्यावर काही महिने घासत बसले. एकच बोगदा, एकच समुद्र, फक्त टोकं वेगळी. आपल्याकडे मुंबईच्या कोस्टल रोडला ‘मावळा’ (हे त्या टीबीएमचं नाव) आणला, 12.19 मीटर व्यासाचा, चिखलपाण्याच्या दाबाने समोरचा दगड धरून ठेवणारा, कारण मलबार हिलच्या खाली बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ आहे, ब्रेशिया, म्हणजे तुकडे चिकटून झालेला दगड आहे आणि शेल, म्हणजे गाळाचा दगडही आहे. बुलेट ट्रेनच्या 21 किलोमीटर बोगद्यात 16 किलोमीटरच टीबीएमने आहेत, बाकीचे 5 सुरुंग लावून. मशीन कुठेही चालत असतं तर हे 5 वेगळे कशाला काढले असते?

सरळ आणि उथळ काढा हा मुद्दा दोन ओळींत संपतो. वरून समुद्र आहे म्हटल्यावर डोक्यावर पुरेसा धड दगड पाहिजे. नॉर्वेत असे तीसच्या वर रस्त्याचे बोगदे आहेत आणि डोक्यावर किमान 50 मीटर दगड ठेवायचा हा त्यांचा शिरस्ता. त्यापायी त्यांचा रिफिल्के बोगदा समुद्रसपाटीच्या 292 मीटर खाली गेला. दर 10 मीटर पाण्याला साधारण 1 बार दाब, म्हणजे खोल गेलं की दाब वाढतोच, पण धड दगडात तो दाब दगड खातो. मारते ती भेग. ओस्लोफ्योर्डच्या बोगद्यात ऐन खोल जागी हिमनदीने कोरलेली आणि गाळाने भरलेली घळ निघाली, तिथे जमीन गोठवून, अक्षरशः बर्फ करून पुढे जावं लागलं.

आता सर्व्हे आणि बोअर. इथे मी चिडणार आहे, आधीच सांगतो, कारण ही माझी भाकरी आहे.

इंग्लंड आणि वेल्सच्या मध्ये सेव्हर्न नदीच्या मुखाखालून रेल्वेचा बोगदा आहे, काम 1873 ते 1886. सगळे घाबरून होते नदीला. 1879 ला बोगदा बुडाला तो नदीच्या पाण्याने नाही, जमिनीच्या बाजूचा गोड्या पाण्याचा झरा फुटला आणि त्याने! आजही तिथे पंप चालू असतात, बंद केले तर बोगदा भरेल. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्टच्या बोगद्यात 1991 ला समुद्र आत आला आणि मशीन बुडालं, शेवटी तळाखालच्या दगडातलं पाणी विहिरींतून उपसून दाब उतरवावा लागला. दोन्हीकडे पाणी कुठल्या थरात कसं फिरतं हाच प्रश्न होता, आणि ते वरून दिसत नाही.

इथली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी बाणेरच्या बाजूला एका साइटवर, नाव घेत नाही, पाच बोअर सांगितलेले असताना दोनच मारले, दोन्हीत तीन मीटरवर कडक कातळ. झालं, मालक खूश. फुटिंगची खोदाई झाली तेव्हा तिसऱ्या कोपऱ्यात आठ मीटर मांजऱ्याच निघाला, कुदळीने खणता येईल असा. वाचवलेल्या तीन बोअरच्या कितीतरी पट खर्च नुसता पाया खाली न्यायला गेला. आणि ही जमीन होती हो, वर उभं राहता येत होतं. खाडीत बार्जवर रिग उभी करायची, भरती-ओहोटी सांभाळायची, आणि 7 किलोमीटरच्या रेषेवर मोजक्या ठिकाणी भोकं पाडून मधलं सगळं अंदाजाने जोडायचं. त्यात कोअर निघाली तरी काम संपत नाही, 10 सेंटीमीटरपेक्षा लांब कांड्या किती टक्के निघाल्या ते मोजतात, आम्ही त्याला आरक्यूडी म्हणतो. 90 आली तर चहा पाजतो, 20 आली तर डिझाइनवाल्यांना फोन.

राहिला शेवटचा, सगळा एकच काळा कातळ. काका, यात अर्धं तुमचं बरोबर आहे. बेसाल्ट वाईट दगड नाही. पुण्यातलं पाताळेश्वर लेणं अख्खं त्यात कोरलंय, आपली पुण्याची मेट्रो मुठेखालून त्यातून गेलीय, आणि फेरो बेटांवर, जिथे दगड आपल्यासारखाच बेसाल्ट, 2020 ला 11 किलोमीटरचा समुद्राखालचा बोगदा उघडला आणि त्यात समुद्राच्या खाली चक्क गोल चौक आहे. टीबीएम न लावता, सुरुंगाने. आपल्याकडे 1999 ला कोयनेच्या शिवसागराच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा दगडाचा बूच सुरुंगाने उडवला, तोही ह्याच दगडात.

पण ‘एकच’ नाही तो. लाव्हा एकावर एक थरांनी आला, मध्ये मध्ये खंड पडला, आणि त्या काळात वरचा भाग कुजून तांबडा झाला. कात्रज घाटात दगडाच्या कापात लाल पट्टा दिसतो ना, तोच. कोरडा असताना बरा असतो, पाणी लागलं की साबण. प्रत्येक थराचा वरचा भाग भोकाभोकांचा, त्या भोकांत पांढरी खनिजं भरलेली, मधला भाग घट्ट, त्यात उभ्या भेगा. कुठे उभ्या डाइक, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती घुसलेल्या, त्यांच्या कडेने पाणी धावतं, हे गावातल्या पाणाड्यालाही ठाऊक असतं. आणि मुंबईकडे तर मामला आणखी बिघडतो, तिकडे पनवेलच्या आसपास हे थर पश्चिमेला वाकलेत, आणि लाव्हाच्या मध्ये मध्ये राख आणि तळ्यांतला गाळ अडकलेला. वरळीच्या टेकडीतल्या अशाच गाळाच्या थरात बेडकांचे जीवाश्म सापडलेत. बेडूक काही लाव्हात राहत नव्हते! म्हणजे कातळ, मग तळ्याचा गाळ, मग परत कातळ, आणि हे सगळं तिरकं. पुण्यातला कातळ बघून खाडीखालचा ओळखायचा म्हणजे शिवाजीनगरचा पाऊस बघून महाबळेश्वरला छत्री न नेण्यासारखं.

बुलेट ट्रेनला उशीर झाला तो सगळा दगडामुळे असं मी म्हणत नाहीये. इकडे जमीन ताब्यात यायलाच वर्षं गेली, त्याला बेसाल्ट जबाबदार नाही, त्यावर शिव्या घालायच्या तर मीही येतो. पण बोअर बंद करा म्हणालात तर नाही.

काकांनी हे सगळं वाचून अंगठा पाठवलाय आणि खाली लिहिलंय, ‘तो लाल पट्टा मी इतकी वर्षं मुरूम समजत होतो’. रविवारी सातला कात्रज घाटात निघतोय आम्ही दोघं, गाडीत अजून दोन जागा आहेत, कोणाला यायचं असेल तर हातोडी मी आणतो.