‘अनामिक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक,

तुमची प्रतिक्रिया एक अक्षरही न कापता ठेवली आहे. टर्बोरेपो हे एका रेपोतली (कोडच्या एकत्र साठ्यातली) अनेक पॅकेजे झटपट बिल्ड करणारे व्हर्सेल कंपनीचे साधन. त्यावरचा माझा लेख म्हणजे जाहिरात, पीएनपीएम या पॅकेज मॅनेजरची रिकर्सिव्ह (सगळ्या पॅकेजांत एकच काम चालवणारी) कमांड पुरेशी, कॅशचा, म्हणजे आधीच्या बिल्डचा साठवलेला निकाल पुन्हा वापरण्याचा, धोका मी सांगितलाच नाही, असे तुमचे म्हणणे. म्हणा. पण शेवटी “लेखकाने दोन-तीन पॅकेजांपलीकडे कधी काही बिल्ड केलेले दिसत नाही” हे कशासाठी? आपली ओळख आहे का? असणार कशी, तुम्ही नावच लिहिलेले नाही.

आधी माझी चूक. टर्बो.जेसन या त्याच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये कामांच्या यादीला मी ‘पाइपलाइन’ लिहिले होते. 2024 मध्ये टर्बोरेपोची 2.0 आवृत्ती आली तेव्हापासून तिथे ‘टास्क्स’ लिहावे लागते. दुरुस्त केले, आभार. (तीन उद्गारचिन्हे नसती तरी मला कळले असते.)

आता ती दोन-तीन पॅकेजे. मी लर्ना या अशाच जुन्या साधनाच्या काळापासून या भानगडीत आहे. ‘लर्ना बूटस्ट्रॅप’ (सगळ्या पॅकेजांची जोडणी करणारी कमांड) मारायचे, खाली टपरीवर चहा घ्यायचा, वर आले तरी स्क्रीन तिथेच. ती कमांड सातव्या आवृत्तीत काढली तेव्हा वाईट वाटणाऱ्या मोजक्या लोकांत मी असेन. पुढे एका कंपनीत 41 पॅकेजांचा रेपो टर्बोवर मीच आणला.

2023 मध्ये, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळी प्रॉडक्शनचा (ग्राहक वापरतात त्या प्रतीचा) बिल्ड लावला. एरवी अकरा मिनिटे घेणारे काम सेकंदभरात संपले आणि टर्मिनलवर रंगीत ‘फुल टर्बो’ (म्हणजे सगळे कॅशमधून आले) झळकले. मी खूश. एपीआयचा (ऑर्डरी घेणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता एका एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमधून (बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून) वेबपॅकच्या बंडलमध्ये (तयार फायलीत) जायचा आणि तो व्हेरिएबल मी टर्बो.जेसनच्या ‘एन्व्ह’ यादीत घातलाच नव्हता. कोड तोच, लॉकफाइल (पॅकेजांच्या आवृत्त्यांची नोंद) तीच, म्हणून बदल झाला का हे टर्बो ज्यावरून ठरवतो तो हॅशही तोच. दुपारी स्टेजिंगसाठी (चाचणीच्या प्रतीसाठी) बांधलेले ‘डिस्ट’ फोल्डर रिमोट कॅशने इमानेइतबारे प्रॉडक्शनला काढून दिले. खऱ्या ग्राहकांच्या ऑर्डरी स्टेजिंगच्या डेटाबेसात पडत होत्या. रात्री दीडला फोन आला तो मला. त्या नोंदी पहाटेपर्यंत हाताने हलवल्या, त्याही मीच.

यावर तुम्ही म्हणाल, मग कॅशचा धोका आहेच की! आहे. पण मी तो भोगलाय, तुम्ही बहुधा कुठेतरी वाचलाय. शिवाय 2.0 पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो, जाहीर न केलेला व्हेरिएबल टास्कला दिसतच नाही. लेखात हे का नाही? तो नवख्यांसाठी होता. पहिल्याच पानावर त्यांना घाबरवायचे का?

पीएनपीएम पॅकेजांचा क्रम लावते, कॅश ठेवत नाही. इथे मला वाद घालायचा नाही. जाहिरातीचे म्हणाल तर व्हर्सेलने आजवर मला कटिंगसुद्धा पाजलेला नाही.

लेखाखालच्या प्रतिक्रिया यापुढे मंजुरीनंतरच दिसतील. तुमच्याशी त्याचा संबंध नाही, ते मी आधीच ठरवले होते.